दोन्हीकडची गाडी

सेकंडवाल्याच्या शेडमध्ये त्या सकाळी दोन्हीकडच्या गाड्या तीन होत्या, आणि साखर बंद केलेला माणूस मिठाईच्या दुकानात फिरावा तसा माझा भाऊ तिन्हींभोवती फिरत होता.

‘दोन्हीकडची’ हा आमच्या घरातला शब्द. डांबरी रस्त्यावर दिवा, हॉर्न, नंबरप्लेट लावून शहाण्यासारखी चालते आणि रस्ता संपला की कुरकुर न करता दगडधोंड्यांत उतरते, ती मोटरसायकल दोन्हीकडची. अंगाने सडपातळ, उंच, पुढचं चाक मोठं, टायरला दात, आणि खाली दगड लागू नये म्हणून पोट चांगलं वर उचललेलं. भावाला अशीच गाडी लागते, कारण त्याचं कामच दोन्हीकडचं. डोंगरावरच्या टाकीतून शहराला पाण्याचा मोठा पाइप येतो. पाइपाला धरून एक पायवाट वर चढते. वाटेत जागोजागी व्हॉल्व्ह आहेत. प्रत्येक व्हॉल्व्हपाशी थांबायचं, झाकण उघडायचं, हात लावून बघायचं, कान लावायचा, पुढे निघायचं. परतल्यावर रस्त्याने जलशुद्धीकरणाच्या ठाण्यावर जाऊन वर्दी द्यायची. सगळं शहर त्याला पाइपवाला म्हणतं. पाणीखातं पगार देतं, गाडी देत नाही. ती ज्याची त्याने आणायची.

आधीची गाडी फार जड होती. एका वळणावर तो दगडावर पडला आणि गाडी त्याच्यावर. डाव्या मांडीचं हाड अगदी वर, खुब्यापाशी मोडलं. आत सळी बसली, हाड जुळलं, पण जुळताना अंगठ्याच्या जाडीएवढं कमी भरलं. ‘मापात पाप’ म्हणाली आई, आणि तिच्या मते विषय तिथे संपला.

तेव्हापासून तो पंपघरात बसतो. तात्पुरता. पंपघर म्हणजे जमिनीखालची खोली. खिडकी नाही. भिंतींना कायम ओल, वर एक ट्यूबलाइट, आणि सगळे पंप एकाच वेळी बोलत असतात. घरी आल्यावर पहिला तासभर तो ओरडून बोलतो आणि आपण ओरडतोय हे त्याला कळत नाही. आई म्हणते, “अरे, मी म्हातारी आहे, बहिरी नाही.” मग तो एकदम गप्प होतो. ते गप्प होणं ओरडण्यापेक्षा वाईट.

त्याच्या साहेबांनी निरोप दिला होता, तोही चांगल्या मनाने. “गाडी घे, वर जाऊन ये. तू म्हणालास जमतंय, तर जमतंय. मी बघायला येणार नाही. पण महिनाअखेरीला मला काय ते सांग. नाहीतर डोंगरावर कायमचा दुसरा माणूस नेमावा लागेल.” कुणी परीक्षा घेतली असती तर निदान नापास करणाऱ्याला शिव्या घालता आल्या असत्या. हा माणूस विश्वास टाकून मोकळा झाला.

“या पाइपवाले,” सेकंडवाला म्हणाला. तो जुन्या गाड्यांखेरीज काही विकत नाही. “सेकंडला नावं ठेवू नका. मी स्वतः बायकोचा दुसरा नवरा आहे. पहिल्यापेक्षा कमी आवाज करतो, आणि पेट्रोल पण कमी लागतं.”

हा विनोद त्याने मला प्रत्येक भेटीत ऐकवलेला आहे. आमचा धंद्याचा संबंध जुना. तो गाड्या विकतो, मी त्यांच्या सीटा शिवते. मी सासर सोडून परत आले तेव्हा बरोबर शिलाई मशीन तेवढी आणली होती. कपडे शिवायला गेले तर गल्लीत आधीच ढीगभर शिंपिणी. मग एक फाटकी सीट उसवून बघितली, पुन्हा तशीच शिवली, आणि कळलं की माणसाच्या वरच्या अंगापेक्षा बुडाची हौस पुरवणं सोपं आहे. तक्रारी कमी येतात.

पहिली गाडी सेकंडवाल्याने पुढे केली ती थोराड होती. रस्त्यावर राणी. भावाने हँडल धरून ती नुसती डावी-उजवीकडे झुकवली आणि सोडून दिली. “ही पडली तर उचलायला क्रेन लागेल,” तो म्हणाला. दुसरी अगदी काटकुळी, निव्वळ रानातली, घोड्यासारखी उंच. सेकंडवाला प्रामाणिकपणे म्हणाला, “ही रस्त्यावर चालवली तर दात हातात येतील. आणि दात परत बसवायचं काम आमच्याकडे होत नाही.”

तिसरी भिंतीला टेकून उभी होती. लहान इंजिन, मूळचा हिरवा रंग उन्हाने उडून मळकट झालेला. जुनं मॉडेल. बिघडली तर पाना आणि पक्कड घेऊन वाटेतच उघडता येईल अशी. वजन इतकं कमी की मागचं चाक मी एका हाताने बाजूला सरकवलं. भावाने टाकीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. मला कळलं. मग तो वर बसला. उजवा पाय टेकला. डावा लटकला, फरशीपासून दोन बोटं वर.

“थोडी उंच आहे,” तो म्हणाला.

“थोडीशीच,” मी म्हणाले.

“हात्तिच्या, उंची हे काय दुखणं आहे?” सेकंडवाला म्हणाला. “मागचा शॉकअप मी खाली घेतो. सीट ताई कापतील. बुटाला तळ लावा. तिघांनी मिळून एवढंसं अंतर नाही भरलं तर आपण शहर सोडून जाऊ. घेऊन जा, चार दिवस चालवा. पटली तर ठेवा.”

घरी आईने ओट्याच्या खिडकीतून गाडी बघितली. “बारीक आहे गं बिचारी,” म्हणाली. “आणि उंचीचं काय घेऊन बसलात? मी तुमच्या वडिलांच्या खांद्याला लागत होते. झाला ना संसार?”

“आई, तू त्यांच्यावर बसून डोंगरावर जात नव्हतीस,” भाऊ म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो. घरात जणू कामाला लागल्याचा उत्साह आला. चांभाराने डाव्या बुटाला तळ लावला, इतका सुबक की मुद्दाम बघितल्याशिवाय कळू नये. सेकंडवाल्याने शॉकअप खाली घेतला. राहिली सीट.

सीट कापायची माझी एक पद्धत आहे. कुणी शिकवलेली नाही, त्यामुळे चुकीची असली तरी माझी आहे. वरचं कव्हर काढायचं. उघड्या फोमवर शिलाईच्या खडूची पूड पसरायची, पातळ, सगळीकडे सारखी. गिऱ्हाइकाला काळी विजार घालून वर बसवायचं, हातात चहा द्यायचा आणि गप्पा मारायच्या. तो विसरला पाहिजे की आपण सीटवर बसलोय. चहा संपला की उठवायचं आणि पाठ फिरवायला सांगायचं. विजारीवर जिथे पांढरं उठतं तिथे त्याचं वजन. तिथला फोम जपायचा, बाकीचा कापायचा. या खडूपायी मला माणसांच्या भलत्या गोष्टी कळतात. पाकीट कोणत्या खिशात ठेवतो, कोणती बाजू आखडलेली आहे, कुणाला मूळव्याध आहे आणि तो सांगत नाहीये. तोंडाने माणूस काहीही बोलेल, बूड खोटं बोलत नाही.

भाऊ बसला. चहा प्यायला. पंपघरातल्या नव्या उंदराची गोष्ट सांगितली. आवाजाने बहिरा झाला असावा, पाय आपटला तरी हलत नाही म्हणे. मग उठला आणि पाठमोरा उभा राहिला.

उजव्या बाजूला बशीएवढा गोल पांढराफटक डाग होता. डाव्या बाजूला काहीच नव्हतं. नुसती पुसट ओढ, जणू तिथून कुणी जाता जाता हात फिरवून गेलं.

“पुन्हा बस,” मी म्हणाले. “नीट बस.”

“नीटच बसलो होतो.”

पुन्हा पूड टाकली. पुन्हा तेच. फोमवरही तसंच. उजवीकडे खड्डा, डावीकडे पूड जशी टाकली तशी, हात न लावलेली. पाय अंगठाभर कमी आहे म्हणून असं होत नाही. आखूड पायाची माणसं मी बसवली आहेत. ती उलट त्या बाजूला जास्त कलतात. हा आपल्या डाव्या खुब्यावर शरीराचं वजन टाकतच नव्हता. बसल्याजागी, चहा पिताना, उंदराची गोष्ट सांगतानासुद्धा.

मी कटर हातात धरून उभी राहिले. कापायला जागाच नव्हती. डावीकडचा सगळा फोम काढून खालचा पत्रा उघडा केला असता तरी तो बसला असता तसाच, उजवीकडे.

“काय झालं? खडू संपला?” त्याने विचारलं.

“उंचीचं नाहीये रे हे,” मी म्हणाले.

तो विजारीवरची पूड झटकत राहिला. झटकायला एकच बाजू होती.

“दुखतं?”

“बसल्यावर नाही. उभं राहिल्यावर पण नाही. एकदम भार पडला ना, की…” त्याने मांडीवर हात ठेवला. “पाय असतो गं जागेवर. पण मी आहे हे त्याला माहीत नसतं.”

“डॉक्टरांना सांगितलंस?”

“त्यांनीच मला सांगितलं. सळी काढली त्याच दिवशी.”

“मग हा बूट? तो शॉकअप? मी हा फोम कापायला घेतला तो?”

“तुम्ही सगळे इतक्या हौसेने लागला होता,” तो म्हणाला. “आई तर चांभाराकडे स्वतः गेली. गुडघे दुखतात तरी. म्हटलं, असू दे. उंचीचं काहीतरी करता तरी येतं.”

मला राग आला. नक्की कुणाचा, ते कळेना, म्हणून मी त्याचाच केला. “आणि डोंगरावर काय करणार आहेस? तिथे कोण चांभार बसलाय तुझा?”

“मी विचार केलाय त्याचा.”

“काय?”

“एकदा वर जाऊन येतो. मग सांगतो. तू सीट शिव.”

“अरे पण…”

“ताई, शिव ना.” तो ओरडला नव्हता. उलट, पंपघरात बसायला लागल्यापासून त्याचा आवाज इतका खाली मी ऐकला नव्हता.

मी शिवली. दोन्ही बाजूंनी सारखा, अगदी थोडा फोम काढला. निदान सीट तरी समसमान दिसावी. वर काळं रेक्झिन, दुहेरी टीप. माझ्या हातून इतकी सरळ टीप कधी पडत नाही.

रविवारी सकाळी त्याने मला मागे बसवून नेलं. आभाळ भरलेलं होतं, उजेड असूनही सावली कुठेच पडत नव्हती. रस्त्यावर गाडी छान पळाली. सिग्नलला थांबताना तो हळूच उजवीकडे कलून दुभाजकाच्या कडेला पाय टेकवत होता. मी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. आमच्या घरात हे काम मी चांगलं करते.

डांबर संपलं तिथे पहिला व्हॉल्व्ह आहे. मला उतरवून तो म्हणाला, “तू इथेच थांब. वर जाऊन येतो.” मग म्हणाला, “बघ आता.”

आणि तो निघाला. मी बघितलं ते खरं सांगते, मला क्षणभर वाटलं की खडूच खोटा. चालत्या गाडीवर तो उभा राहिला, गुडघे सैल सोडून, आणि गाडी त्याच्या खाली दगडांवरून अशी गेली की तिला आणि त्याला एकच कणा असावा. वरच्या वळणावर दुसरा व्हॉल्व्ह आहे. तिथे तो थांबला. पाइप उजव्या हाताला होता. त्याने उजवा पाय पाइपावर ठेवला, पायरीवर ठेवावा तसा, स्टँड लावलं, शांतपणे उतरला, झाकण उघडलं, कान लावला. मग पुन्हा चढला. हा त्याचा विचार होता तर! चढताना सगळीकडे पाइप उजवीकडेच असतो. पंपघराच्या खोलीत बसून त्याने सगळी वाट मनात चालवून बघितली असणार, व्हॉल्व्हमागून व्हॉल्व्ह.

तो दिसेनासा झाल्यावर मी आवाज ऐकत राहिले. इंजिन चढायचं, थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. प्रत्येक वेळी सुरू झालं की माझा जीव भांड्यात पडायचा आणि पुन्हा बाहेर यायचा. असं करत आवाज डोंगरात मुरून गेला. मी पाइपावर बसले. आत पाणी वाहत होतं, बाहेरून त्याचा थंडपणा लागत होता. मनातल्या मनात मी साहेबांना सांगायचं वाक्य तयार केलं. सेकंडवाल्याला ‘ठेवली गाडी’ म्हणून सांगितलं. आईला तर सगळी हकीगत सांगून झाली, हातवाऱ्यांसकट.

उतरतानाचा आवाज वेगळा असतो, दबका. तो न थांबता आला, कारण उतरताना थांबायचं काम नसतं. वळणावर दिसला तेव्हा हसत होता. मी इतक्या लांबून त्याचे दात बघितले. तो तसाच माझ्या बाजूने सरळ डांबरावर गेला असता, पुढे जाऊन एखाद्या दगडाला उजवा पाय लावून थांबला असता, तर मला काही कळलं नसतं. त्यालाही कळलं नसतं कदाचित.

पण मी तिथे उभी होते ना. म्हणून तो माझ्यापाशी थांबला.

उतरताना पाइप डावीकडे येतो. त्याने डावा पाय पाइपावर ठेवला. बूट बरोबर बसला, चांभाराने लावलेल्या तळासकट, अजिबात कमी न पडता. आणि पाय मिटला. जशी छत्री मिटते तसा, काही आवाज न करता. गाडी सावकाश त्याच्यावर आडवी झाली. सावकाश, पण इतकी अचानक की त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायलाही वेळ मिळाला नाही. तो हसतच खाली पडला.

मी धावले. इंजिन बंद केलं, गाडी उचलली. एकटीने उचलली, इतकी हलकी होती ती. त्याला काही लागलं नव्हतं. कोपर खरचटलं होतं, बस. पण तो उठेना. मी हात दिला तरी तो तसाच दगडांत बसून राहिला, पाय पुढे पसरून, त्या पायाकडे बघत. परक्या माणसाच्या वस्तूकडे बघतात तसा.

“चढताना जमलं,” तो म्हणाला.

“ऐकलं मी. सगळं ऐकलं.”

“शेवटच्या व्हॉल्व्हला गळती आहे. बारीक. ती दुसऱ्या कुणाला ऐकू आली नसती.”

“नसतीच आली.”

“फक्त उतरायचंच काय ते…”

“साहेबांना विचार, नुसती चढायची नोकरी आहे का,” मी म्हणाले. “रोज वर जायचं, खाली यायचंच नाही.”

तो हसला. मग त्याचा चेहरा हसता हसता मोडला, आणि मी पाइपाकडे तोंड करून उभी राहिले. चाळिशी ओलांडलेल्या भावाला रडताना बघायचं नसतं. पुढे दोघांनाही त्रास होतो. पाइपाला कुणीतरी कधीकाळी राखाडी रंग दिला होता, त्याचे पोपडे मी नखाने काढत राहिले.

“साहेबांना मी सांगतो खरं काय ते,” मागून तो म्हणाला. “त्यांनी विश्वास टाकलाय. पण आईला आणि सेकंडवाल्याला तू सांग. गाडी उंच होती म्हण.”

“म्हणते.”

परत येताना गाडी मी चालवली. मला रस्त्यापुरती येते. तो मागे बसला, माझ्या खांद्याला न धरता.

आईला सांगितलं तेव्हा ती गहू निवडत होती. “उंच होती,” मी म्हणाले. तिने भावाच्या कोपराकडे बघितलं, बुटाकडे बघितलं. “होय का,” म्हणाली. “मग एखादी बुटकी बघा. घाई काय आहे?” आणि पुन्हा निवडायला लागली. खडे नव्हते त्यात, तरी निवडत राहिली.

सेकंडवाल्याकडे मी एकटीच गाडी घेऊन गेले. “उंच पडली,” मी म्हणाले. त्याने खाली घेतलेल्या शॉकअपकडे बघितलं, माझ्या सीटवरून हात फिरवला. मूळच्या उंचीपेक्षा ती आता इतकी खाली होती की शाळेतल्या मुलाचे पाय टेकले असते. तो गाड्यांतला मुरलेला माणूस. मी त्याच्या विनोदाची वाट बघत होते. तो आला नाही.

“हो, उंचच असतात या,” तो शेवटी म्हणाला. “कंपनीच तशी काढते. मी बघतो दुसरी कुठली येते का. पाइपवाल्यांना म्हणावं येत जा.”

भाऊ आता पंपघरात कायम झाला. तिथल्या दारावर त्याच्या हुद्द्याची पाटी लागली. डोंगरावर नवा माणूस जातो. शेवटच्या व्हॉल्व्हची गळती भावाने त्याला सांगितली, पण त्याला ती सापडली नाही. “ठीक आहे सगळं,” म्हणाला. भाऊ घरी येऊन हे ओरडून सांगतो. आम्ही आता त्याला हळू बोल असं म्हणत नाही.

सुट्टीच्या दिवशी मात्र आम्ही शेडमध्ये जातो. सेकंडवाला चहा मागवतो. दोन्हीकडची एखादी आली असेल तर ती पुढे काढून, पुसून ठेवलेली असते. मागच्या खेपेला एक लाल होती, लहान, बसकी. भाऊ तिच्याभोवती फिरला, पुढचं चाक दाबून बघितलं, चेन बघितली, टायरच्या दातांत नख घालून माप घेतलं, आणि वर बसला. उजवा पाय टेकला. डावाही टेकला. अख्खा तळवा, टाचेसकट फरशीला लागलेला, मला स्पष्ट दिसत होतं.

सेकंडवाला गुडघ्यावर हात देत खाली बसला. बुटाजवळ वाकून त्याने बराच वेळ बघितलं. मग दोन बोटं वर धरून त्यांत थोडं अंतर ठेवलं आणि आम्हाला दाखवलं.

“एवढी,” तो म्हणाला. “एवढी उंच आहे अजून.”

“वाटलंच मला,” भाऊ म्हणाला, आणि हळूच उजव्या बाजूने खाली उतरला.